थंड व कोरड्या मुलुखाचें हवामान

जेथें थंडी फार तेथें पाणीही विपुल असावयाचें, असा पुष्कळांचा समज असतो. हा समज खरा नव्हे, हें अमेरिकेंतील ऑरेगन राज्याच्या हार्नी कौंटीवरून दिसून येतें. तेथें जिल्ह्यास कौंटी म्हणतात. ह्या कौंटीचें क्षेत्रफळ १०,००० चौरस मैलांहून अधिक आहे. परंतु २०२० सालच्या खानेसुमारींत वस्ती सुमारें ७,५०० च भरली.

१. पाऊस थोडा कां? पॅसिफिक महासागरावरून येणारे ओले वारे कॅस्केड पर्वत चढतांना आपलें पाणी पश्चिम उतारावर टाकतात, आणि पलीकडे कोरडे होऊन उतरतात. महाबळेश्वरीं झड लागलेली असतां माण तालुक्यांतील शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो, त्याचें कारण हेंच. हार्नींतील बर्न्स गांवीं पाऊस व बर्फ मिळून वर्षांत सुमारें १० ते ११ इंच पाणी पडतें. तेंही बहुतेक उन्हाळ्याबाहेर.

२. थंडी अधिक कां? हा प्रदेश समुद्रसपाटीपासून ४,००० फुटांहून उंच आहे. शिवाय ढग हें पृथ्वीचें पांघरूण होय. तें नसल्यामुळें दिवसाची उष्णता रात्रीं उडून जाते. म्हणून जून महिन्यांतही कधीं कधीं दहिंवर पडून कोंवळें पीक करपतें. यास्तव तेथील लोक मुख्यत्वें गुरें पाळतात, आणि गवत व लसूणघास पिकवितात.

३. पाणी कोठून येतें? स्टीन्स पर्वत सुमारें ९,७०० फूट उंच आहे. हिवाळ्यांत त्यावर सांचलेलें बर्फ वसंतांत वितळून ओढ्यानदीवाटे मॅल्हूर सरोवरास मिळतें. तेथून समुद्राकडे वाट नाहीं. पाणी उन्हावाऱ्यानें आटतें. १९३४ साली हें सरोवर जवळजवळ कोरडें पडलें. उलट १९८४ च्या सुमारास तेंच इतकें पसरलें कीं, कांठचीं कुरणें व रस्ते बुडाले.

४. धडा. १९०९ च्या कायद्यानें अशा कोरड्या मुलुखांत एकेका कुटुंबास ३२० एकरांपर्यंत जमीन मिळूं लागली. नांगरलें म्हणजे पिकेल, ह्या भरंवशावर अनेक कुटुंबें आलीं. पण कोरडीं वर्षें व दहिंवर ह्यांनीं गांजून पुष्कळांनीं घरेंदारें सोडलीं. पुढें खोल विहिरी झाल्या, यंत्रें बसलीं आणि लसूणघास हिरवागार दिसूं लागला. परंतु जमिनींत जितकें पाणी मुरतें त्याहून पुष्कळ अधिक उपशानें व इतर वाटांनीं मिळून बाहेर जातें, असें २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणींत आढळलें. पातळी खालीं गेली, व कित्येकांच्या घरच्या विहिरी आटल्या.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, हवामान ही वर्षाची मिळकत होय. मिळकतीहून खर्च अधिक झाला तर शेजाऱ्याचा घडा प्रथम रिता होतो. नवी विहीर खणण्यापूर्वीं आपल्या गांवानेंही हा हिशेब मांडावा.

प्रश्न: (१) पर्वताच्या एका बाजूस पाऊस कमी कां पडतो? (२) निरभ्र रात्र थंड कां असते? (३) आपल्या गांवच्या विहिरींची पातळी दहा वर्षांपूर्वीं कोठें होती, व आज कोठें आहे?