खुब्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यावं का?

प्रश्न : आई ६४ वर्षांची, मधुमेह आहे. खुबा दुखतो म्हणून डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलंय. घ्यावं का?

उत्तर : आधी दुखतं नेमकं कुठे, ते पाहा. जांघेत दुखत असेल, मांडी घालून बसवत नसेल, तर बहुधा सांध्याचीच झीज. त्या कुशीवर झोपल्यावर बाहेरच्या बाजूला ठणकत असेल, तर दुखणं सहसा सांध्याबाहेरचं. तिथे व्यायामाचा गुण जास्त टिकतो. खुब्याचा सांधा खोल असतो, म्हणून इंजेक्शन सोनोग्राफी किंवा एक्स-रेवर पाहूनच द्यायला हवं. आराम काही आठवडे, फार तर काही महिने. झीज भरून येत नाही. साखर मात्र काही दिवस वाढते, घरी रोज तपासा. सांधा लवकरच बदलायचा असेल, तर माझ्या मते इंजेक्शन नकोच. त्यानंतर ३ महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया केल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. डॉक्टरांशी हे आधीच बोलून घ्या.