उणे चाळीसला गाडी सुरू होईल का?

डिसेंबरच्या सकाळी बाईकला चार किका जास्त माराव्या लागल्या की आपण वैतागतो. समजा, बाहेर उणे ४० अंश सेल्सिअस आहे आणि गाडी सुरू झाली नाही तर परतायचा दुसरा मार्गच नाही, मग? अंटार्क्टिकावर हा प्रश्न नेहमीचाच.

कॅप्टन स्कॉटने १९११ साली तिथे तीन मोटर-स्लेज नेल्या. एक उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात बुडाली. उरलेल्या दोन नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच बंद पडल्या. गंमत म्हणजे त्यांची एअर-कूल्ड इंजिनं एवढ्या थंडीतही तापत होती! पुढे ओझं माणसांनीच ओढलं.

आता बघू, थंडीत नेमकं काय बिघडतं.

इंधन : साध्या डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर चोंदतो. म्हणून तिथे केरोसीनच्या जातीचं इंधन वापरतात. विमानाच्या जेट ए-१ इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ आहे.

ऑइल आणि बॅटरी : ऑइल घट्ट होतं, त्यामुळे क्रँक फिरवायला जास्त ताकद लागते; आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची ताकद घटलेली असते. म्हणून पातळ सिंथेटिक ऑइल घालतात आणि स्टार्टर मारण्याआधी हीटरने इंजिन गरम करतात. पूर्ण चार्ज लेड-ॲसिड बॅटरी उणे ५० लाही गोठत नाही. उतरलेली मात्र उणे १० च्या आसपासच गोठते व फुटू शकते.

कूलंट : शुद्ध ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं! पाण्यात साधारण ६० टक्के मिसळलं तर उणे ५० च्या आसपासपर्यंत टिकतं. म्हणजे 'जास्त घातलं की चांगलं' हे इथे चालत नाही.

धातू आणि रबर : साधं स्टील ठिसूळ होतं. लॅबमधली चार्पी टेस्ट आठवा. रबरी सील कडक होऊन गळतात. म्हणून सुरुवातीला गाडी अगदी सावकाश, झटका न देता चालवायची.

खरी तयारी मात्र आदल्या रात्रीची. टाकी भरून ठेवायची, नाहीतर रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ थिजून इंधनात बर्फ होतो. पट्ट्यांमधलं बर्फ ओलं असतानाच खरवडायचं. गाडी फळ्यांवर उभी करायची, म्हणजे पट्टे जमिनीला चिकटत नाहीत.

हे जमलं की साधं यंत्रही पुरतं. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले ते फर्ग्युसन कंपनीच्या शेतीच्या ट्रॅक्टरवर, चाकांवर पट्टे चढवून! १९८९ साली सुरू झालेल्या आपल्या 'मैत्री' केंद्राकडे सामान नेतानाही पट्ट्यांचीच वाहनं कामी येतात.

जाता जाता एक गोष्ट. स्कॉटच्या मोटर-स्लेज घडवण्यात ज्याचा मोठा वाटा होता, त्या इंजिनिअर स्केल्टनला मोहिमेत घेतलंच नव्हतं. यंत्र नेलं, पण ते ओळखणारा माणूस घरी ठेवला. आपण इंजिनिअर होणार आहोत, तर एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.