मशीन खोलण्याआधी आरपीएम बघा

पावसाळ्यानंतर मालवण-तारकर्लीला होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या की एक तक्रार हमखास कानावर येते. मशीन चालू होतं, आवाजही ठीक आहे, पण होडी पहिल्यासारखी पळत नाही. कोणीतरी कार्बोरेटरवर बोट ठेवतं, मेकॅनिक मशीन खोलतो आणि पर्यटक यायच्या आधीच काही हजार रुपये जातात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, की पान्याला हात लावण्याआधी फुल थ्रॉटलला आरपीएम किती येतो ते बघा.

हँडलच्या मशीनला मीटर नसतो. प्लगच्या वायरवर गुंडाळायचा छोटा मीटर हजाराच्या आतबाहेर मिळतो. चाळीस एचपीचं मशीन फुल थ्रॉटलला तासाला साधारण 15 ते 20 लिटर पेट्रोल पितं, म्हणजे दहा मिनिटांच्या चाचणीला तीनेकशे रुपये. नेहमीची माणसं, नेहमीचं सामान घ्या, किल कॉर्ड मनगटाला लावा आणि मोबाइलच्या जीपीएसवर वेगही टिपा. तुमच्या मॉडेलला किती आरपीएम हवा ते मॅन्युअलमध्ये असतं.

आरपीएम भरपूर पण वेग नाही, तर दोष बहुधा पंख्याकडे आहे. हिशेब सोपा आहे. 5000 आरपीएम, इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा आणि 12 इंच पिच (एका फेऱ्यात पंखा पुढे जातो ते अंतर) धरला, तर पंखा मिनिटाला 2500 फूट पुढे जायला हवा. तासाला झाले दीड लाख फूट, म्हणजे जवळपास 24.7 सागरी मैल. पाण्यात घसरण होतेच, त्यामुळे 20-21 नॉट मिळाले तर तक्रारीला जागा नाही. चौदाच मिळाले, तर पंखा काढून बघा. पाती वाकलेली किंवा झिजलेली असतील. तसं नसेल तर आतलं रबरी बुश फिरत असेल. ते ओळखायला आतल्या पितळी नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा आणि फेरी मारून या. रेघ तुटून सरकली असेल, तर बुश गेलं. नवं बुश दाबून बसवून मिळतं आणि ते नव्या पंख्यापेक्षा खूपच स्वस्त पडतं. मशीन मागच्या फळीवर फार उंच बसलं असेल, तरी पंखा हवा ओढतो. ते खाली घ्यायला पैसे लागत नाहीत.

आरपीएमच चढत नसेल, तर आधी फुकटातली कामं करा. मशीन बंद ठेवून झाकण काढा, हँडल पूर्ण फिरवा आणि कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडते का ते डोळ्यांनी बघा. केबल ढिली झाली असेल तर ती उघडतच नाही. मग होडीचं बूड बघा. शिंपल्यांचा थर आणि तळात साचलेलं पाणी वेग खातं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, दीड माणसाचं ओझं.

त्यानंतर पेट्रोल. फुल थ्रॉटलला धावताना दुसऱ्या माणसाने प्रायमर बल्ब दाबत राहावं. वेग वाढला, तर पेट्रोल कमी पोचतंय. बल्ब चपटा होत असेल तर टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू, फिल्टर आणि टाकीतली नळी तपासा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढून घेतं, म्हणून पावसाळाभर टाकीत राहिलेलं तेल हंगामाच्या पहिल्या दिवशी वापरू नका. फिल्टर आणि प्लग काही शे रुपयांत होतात. हे सगळं ठीक निघालं, तरच कार्बोरेटर साफ करायला द्या. मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली असेल, तर मात्र चाचणी तिथेच थांबवा आणि आधी इम्पेलर बघा. आमच्या वाळूच्या पाण्यात तो लवकर झिजतो.

शेवटी काँप्रेशन. गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा आकडा स्वतः उभं राहून लिहून घ्या. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, तर रिंग-पिस्टनचं काम निघू शकतं आणि तो खर्च अनेक हजारांचा असतो. त्याला होकार देण्याआधी सुट्या भागांचा आणि मजुरीचा अंदाज वेगवेगळा लिहून मागा, आणि काढलेले जुने भाग परत घ्या.