आधी अर्थिंग बघ

बालाघाट



वारासिवनीला तुझं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या दुरुस्तीचं दुकान सुरू झालं, छान वाटलं. ब्रेक दाबला की ट्रॉलीचे दोन्ही इंडिकेटर मिणमिणतात, म्हणून सगळी वायरिंग नवी घालू का, असं तू विचारलंस. घालू नकोस. गिऱ्हाइकाचे पैसे जातील आणि दोष तिथंच राहील. ब्रेकच्या बल्बमधला करंट बॅटरीकडे परतायला वाट मागतो. ही परतीची वाट म्हणजे अर्थ; ती तुटली की करंट इंडिकेटरच्या बल्बमधून आडवाटेने जातो. तुझ्या ट्रॉलीचं दुखणं तेच दिसतं.

आपल्या भागातल्या कित्येक ट्रॉल्यांना अर्थची वेगळी वायरच नसते. हूक आणि पिनेच्या लोखंडावर भागवलेलं असतं. तिथं ग्रीस, गंज, चिखल. धानाची पोती भरली की पिन घट्ट बसते, रिकामी ट्रॉली उधळली की सैल होते. म्हणून दुकानात लागलेला दिवा बैहरच्या रस्त्यावर विझतो, आणि मालक तुला शिव्या घालतो. सॉकेटपासून टेललाइटपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर ओढ. बोल्ट लावायच्या जागी रंग खरवडून पत्रा चकचकीत कर, मग थिंबल कस.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेव. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं टेललाइटच्या बॉडीला, आणि कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग. काटेकोर बोलायचं तर शून्य यायला हवं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ खराब समज. दिवा चालू असतानाच मोज. बल्ब काढून होल्डरवर मोजशील तर तुटायला टेकलेली ब्रेकची वायरही १२ व्होल्ट दाखवेल, कारण तिच्यातून करंट वाहतच नसतो. नवी पोरं सगळ्यात जास्त इथंच फसतात.

नंतर सात पिनांचा सॉकेट उघड. हिरवट पूड दिसली तर ती तांब्याला चढलेला गंज. पिनांचा ठरलेला क्रम आहे: तिसरी अर्थ, सहावी ब्रेक. पण वायरच्या रंगावर भरवसा ठेवू नकोस. आधीच्या मिस्त्रीने हाताला लागेल ती जोडलेली असते. बल्बही बघ. टेल-ब्रेकच्या बल्बला ५ आणि २१ वॉटच्या दोन तारा असतात आणि बाजूच्या दोन खुंट्या वरखाली असतात. कुणी एका तारेचा बल्ब ठोकून बसवला असेल तर टेल आणि ब्रेक एकमेकांत मिसळतात.

वायर घेताना एक तार ब्लेडने खरवड. वरून तांबडी नि आत पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत कर. मलाजखंडची तांब्याची खाण आपल्याच जिल्ह्यात, आणि आपल्या ट्रॉल्यांत मुलाम्याची वायर! जाऊ दे.

तू मोबाइलवर अमेरिकेतल्या ट्रेलरांचे विजेचे ब्रेक बघतोस, ते चांगलंच. तिकडे प्रत्येक ड्रमात चुंबक असतं, एकेक साधारण ३ अँपिअर ओढतं; चार चाकांचे १२ झाले. आपले ब्रेकचे दोन दिवे मिळून साडेतीनच. त्यामुळे तिथं बारीक वायर किंवा सैल जोड असला की ब्रेक नुसता चाटून जातो, धरत नाही. पण तपासायची रीत हीच: आधी अर्थ, मग जोड, मग वायर, आणि सगळं चालू असताना मोजायचं. आपल्या ट्रॉल्यांना असले ब्रेक नाहीत. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला सावध करायला तो लाल दिवाच असतो.

म्हणून खरेदी केंद्रांसमोर धानाच्या रांगा लागायच्या आत चांगलं मीटर घे. पैसे कमी पडले तर माझ्याकडून घेऊन जा. दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर टेप लाव, मालकाने मागितली नसली तरी. आणि ट्रॅक्टरला जोडून, फाळका धरून हलवून, दिवे विझत नाहीत हे बघितल्याशिवाय चावी परत देऊ नकोस.

तुझा मामा