बाबांना कसं सांगायचं?

आमच्या छत्रपती संभाजीनगरात पोरांना डोंगरात नेणारे बाप हल्ली बरेच दिसतात. रविवारी उजाडायच्या सुमारास गोगाबाबा टेकडीवर जा, निम्मी गर्दी त्यांचीच. कोरोनाच्या टाळेबंदीत चार भिंतींत कोंडलेली लेकरं पाहून अनेकांना हे वेड लागलं, आणि ते टिकलं. त्याआधी बाप म्हणजे शाळेची फी भरणारा, प्रगतिपुस्तकावर सही करणारा आणि पाहुणे आले की सगळ्यांना वेरूळ दाखवून आणणारा माणूस. आता तो लेकीच्या बुटाची नाडी बांधतो, तिच्याबरोबर एका डब्यात जेवतो. फार छान चाललंय. पण या उत्साहात एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती मी लिहितो. डोंगरात लेकरं बापाशी खोटं बोलतात. कधी बापाचा हिरमोड होऊ नये म्हणून, कधी नुसत्या लाजेपोटी.

मला हे कळलं ते वेताळवाडीच्या किल्ल्यावर. सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत हा किल्ला आहे. संभाजीनगरहून सिल्लोड, उंडणगाव करत हळदा घाटाच्या खिंडीत पोचायचं, गाडी कडेला लावायची आणि चालायला लागायचं. चढ फारसा नाही, तटबंदी देखणी, म्हणून लेकरांना न्यायला सोयीचा. आम्ही तिघे मित्र होतो. त्या दोघांचे मुलगे आणि माझी अकरा वर्षांची लेक. किल्ला उरकून दुपारून जंजाळ्याची घटोत्कच लेणीही करायची, असा बेत. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव, त्याचा शिलालेख तिथे आहे. एका पेट्रोलमध्ये दोन ठिकाणं वसूल झाली की आम्हा लोकांना बरं वाटतं.

ऑक्टोबर होता. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं वाढून वाळलेलं, त्याची कुसळं मोज्यात घुसत होती. आमच्याकडचा ऑक्टोबर नावाला पावसाळ्याच्या शेपटाचा, पण दुपारचं ऊन मात्र मे महिन्याशी स्पर्धा करणारं. लेक सगळ्यात पुढे चालत होती. मधूनमधून मी विचारत होतो, ‘ठीक आहेस ना?’ ती मागे न वळता म्हणायची, ‘हो बाबा, काही नाही झालं.’ मित्र म्हणाले, पोरगी वाघीण आहे तुझी. माझी छाती फुगली.

उत्तर टोकाला कमानींची बारादरी आहे. तिथून खाली वेताळवाडीच्या धरणाचं पाणी दिसतं. मुलगे कमानीत उभे राहून फोटो काढत होते आणि लेक भिंतीला टेकून खाली बसली. चेहरा लालबुंद, ओठ पांढरे पडलेले. डोकं दुखतंय म्हणाली, आणि पुढचा शब्द बोलायच्या आत ओकली. मी तिची बाटली उचलली. स्टीलची, लिटरभराची. ती गळ्यापर्यंत भरलेली होती. सकाळी घरून आईनं भरून दिली तशीच.

गुरं घेऊन आलेले एक म्हातारे बाबा तटाच्या सावलीत बसले होते. ते उठून आले आणि मला म्हणाले, ‘लेकराला आडवं करा, पाय वर घ्या. मग इचारा काय इचारायचं ते.’ बारादरीच्या सावलीत तिला निजवलं, बूट-मोजे काढले, रुमाल भिजवून मानेवर आणि काखेत ठेवला, टोपीनं वारा घातला. ओकारी थांबल्यावर साखर-मिठाचं पाणी घोटाघोटानं दिलं. ऊन कलेपर्यंत तिथून हललो नाही. घटोत्कच लेणी राहिली ती राहिलीच.

पाणी का नाही प्यालं, हे तिनं मला सांगितलं नाही. घरी पोचल्यावर आईला सांगितलं, आणि रात्री ते बायकोकडून मला कळलं. पाणी प्यालं की शू लागणार. मुलगे वाटेत कुठेही झुडपामागे जाऊन येत होते. तिला दोन काकांसमोर, दोन मुलांसमोर बाबांना ते सांगायचं नव्हतं. म्हणून तिनं सकाळपासून पाणीच प्यायचं नाही असं ठरवलं होतं. तिचा हिशेब अगदी बरोबर होता, एवढं ऊन सोडलं तर.

नंतर ओळखीतल्या आयांना विचारलं, तेव्हा त्यांना यात नवल काहीच वाटलं नाही. मुली शाळेतही हेच करतात, सहलीच्या बसमध्येही हेच. नवल फक्त आम्हा बापांनाच. आजवर हे खातं आईकडे होतं, आणि डोंगरावर आई बरोबर नसते. म्हणून लेकीला घेऊन निघणाऱ्या प्रत्येक बापाला मी पहिली गोष्ट सांगतो ती दोर, बूट, शिट्टी यांतली कुठलीच नाही. शूचा विषय घरी, आदल्या रात्री, स्वतःच्या तोंडानं काढा. ‘वर संडास नाही. तुला लागलं की फक्त “थांबू या” म्हणायचं, कारण सांगायचं नाही. मी जागा बघून येतो आणि पाठ करून उभा राहतो, कुणी येणार नाही.’ एवढं बोलायला मिनिटभर लागतं. पहिल्यांदा जीभ अडखळते, दुसऱ्यांदा नाही. सॅकमध्ये आईची जुनी मोठी ओढणी किंवा लुंगी, धुवायला वेगळी बाटली आणि कागद-पिशव्या असाव्यात. जागा पाण्याच्या टाक्यापासून आणि देवळापासून लांब निवडा, बिळं आणि दगडांच्या सांदी टाळा. सिल्लोड किंवा कन्नड सोडण्याआधी गाडी थांबवून सगळ्यांनी मोकळं होऊन घ्यायचं, मुलग्यांनीसुद्धा. मुलगी दहाच्या पुढे असेल तर पाळीचं सामानही बापाच्या सॅकमध्ये असावं आणि ते आहे हे तिला ठाऊक असावं. पाळी हा शब्द बापाच्या तोंडून सरळ निघाला की लेकीची निम्मी धास्ती तिथेच जाते.

दुसरी गोष्ट विचारण्याची. ‘ठीक आहेस ना?’ या प्रश्नाला ‘हो’ सोडून दुसरं उत्तरच नसतं. तो प्रश्न तुम्ही स्वतःच्या समाधानासाठी विचारता, आणि लेकरू ते समाधान देऊन टाकतं. त्यापेक्षा असं विचारा, ज्याचं उत्तर दाखवावं लागेल. बाटलीत किती उरलं, दाखव. बूट कुठे चावतोय? शेवटची शू कधी केलीस, गडद पिवळी होती का? जिभेला कोरड पडली आहे का? बूट तर मधल्या थांब्यावर काढायलाच लावावेत. त्या दिवशी मित्राच्या मुलाच्या मोज्यात कुसळं घुसून घोट्याला रक्त आलं होतं, हे गाडीत बसल्यावर दिसलं. तोही दिवसभर ‘काही नाही झालं’ म्हणत होता. म्हणजे हे फक्त मुलींचं नाही. मुलग्यांवर तर ‘मर्द आहेस ना’चं ओझं वेगळंच.

पाणी लेकरांच्या मर्जीवर सोडू नका. दर थांब्यावर सगळ्यांनी एकदम प्यायचं, आधी मोठ्यांनी. एकटीला ‘पी गं’ म्हटलं की ती घोटभर घेऊन बाटली परत देते. नुसतं पाणीही पुरत नाही, घामावाटे मीठ जातं. ओआरएसचं पाकीट असेल तर त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात कालवा, मोठ्या पाकिटाला एक लिटर लागतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बाकी धपाटे, शेंगदाणे, लिंबू हे आपलं सामान उत्तम. चिप्सच्या पुड्यांनी तहान वाढते आणि कचराही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर इथवर सावली आणि पाण्यानं भागतं. लेकरू असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलं, शुद्ध हरपायला लागली, तर मात्र अंग ओलं करत करत खाली घेऊन निघा आणि 108 ला फोन लावा. डोंगराच्या घळीत रेंज नसते, म्हणून कुठल्या वाटेनं जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे घरी सांगून निघायचं.

परतायचा हक्क लेकराच्या हाती द्या, आणि तो खरोखरच द्या. ‘आता कशाला, दहाच मिनिटं राहिली’ हे वाक्य बापानं घरी ठेवून यावं. आमच्याकडे आता असा नियम आहे की लेक ‘परत’ म्हणाली की परत, मतदान नाही. खाली आल्यावर चेष्टा नाही आणि आत्याला फोनवर सांगायचं नाही. मित्र म्हणाले, मग पोरं ऊठसूट परत म्हणतील. तसं झालं नाही. आपलं ऐकतात हे एकदा कळलं की लेकरं तो हक्क जपून वापरतात. मनीषा वाघमारे यांचं उदाहरण मी लेकीला सांगतो. मराठवाड्याची ही गिर्यारोहक 2017 मध्ये एव्हरेस्टचं शिखर अगदी जवळ आलेलं असताना खराब हवामानामुळे मागे फिरली आणि 2018 मध्ये पुन्हा जाऊन माथ्यावर पोचली. एव्हरेस्टवरून परत फिरता येतं, तर वेताळवाडीवरून का नाही?

लेकरू मोकळं बोलायला लागलं की त्याचा उपयोग आपल्यालाही होतो. लेकरांच्या कानाला आपल्या आधी ऐकू येतं. मधमाश्यांचा गुणगुणाट लेकीनं एकदा मित्रांच्या गप्पांच्या वर ऐकला आणि आम्ही वाट बदलली. आपल्याकडच्या कड्यांना, लेण्यांच्या कपारींना आग्या मोहोळं लटकलेली असतात. अत्तर, धूर, दगड, आरडाओरडा, कशानंही ती उठतात. उठलीच तर हात झटकत उभं राहायचं नाही. तोंड-डोकं झाकून पळत सुटायचं आणि शक्य तितकं लांब जायचं. पाण्यात उडी घेऊन उपयोग नाही, माश्या वर घोंगावत थांबतात. काटे जमेल तसे पण लगेच खरवडून काढा. डंख खूप असतील, श्वास लागला किंवा चेहरा सुजला, तर थेट दवाखाना. आणि चूल, शेकोटी, सिगारेट तर नकोच. 2025 च्या एप्रिलमध्ये देवगिरी किल्ल्यावर वाळल्या गवताला केवढी आग लागली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

किल्ल्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांचंही भान हवं, त्यांच्या काठावर लेकरांना बसवून फोटो काढू नयेत. शेवाळलेला कातळ आणि सरळ उतरलेली भिंत, आत पडलेल्याला धरायला काही नसतं. सुतोंड्यासारख्या किल्ल्यावर तर पावलोपावली टाकी आहेत. पावसाळ्यात पितळखोऱ्याला, अजिंठ्याच्या धबधब्याखाली उभं राहायची हौसही अशीच. आपल्या डोक्यावर आभाळ कोरडं असतं, वर पठारावर पाऊस झालेला असतो आणि पाणी अचानक वाढतं. ते गढूळ झालं किंवा काड्याकाटक्या वाहून यायला लागल्या की तिथे एक क्षण थांबू नका.

सुरुवात कुठून करावी असं पुष्कळ जण विचारतात. गोगाबाबा टेकडी आणि औरंगाबाद लेणी घराजवळ आहेत, कंटाळा आला तर अर्ध्या तासात घरी. त्यानंतर हिवाळ्यात देवगिरी. भुयारी अंधारीत वटवाघळं आणि त्यांचा वास असतो, लेकरू घाबरलं तर आग्रह करू नका. थोडं मोठं झालं की कन्नडकडचा अंतूर. त्या वाटेवर फारसी अक्षरांचा निजामशाहीतला दगड आहे, कुठला रस्ता कुठे जातो ते सांगणारा. आमच्या लेकीला तो किल्ल्यापेक्षा जास्त आवडला. चढायला आवडत नसेल तर थंडीत पैठणला नाथसागराच्या काठी दुर्बीण घेऊन बसा, परदेशी पाहुणे पक्षी आलेले असतात.

वेताळवाडीला आम्ही पुन्हा गेलो, जानेवारीत, दोघंच. घटोत्कच लेण्यांचा विषय मी काढला नाही, तिनंच काढला. वाटेत दोनदा ‘थांबू या’ म्हणाली. दुसऱ्यांदा थांबल्यावर हसून म्हणाली, ‘बाबा, आता मला नाही लागली, तुम्हालाच लागली असेल तर जा. मी पाठ करून उभी राहते.’