चित्रकार पुतण्यास पत्र

जांभूळ

चि. बाळ,

तुझ्या आईकडून परवा जी वार्ता कानी आली, तिने चित्त अस्वस्थ झाले आहे. सदैव झोळीत असणारी तुझी रेखाटनवही म्हणे बंद पडली, आणि जुन्या दिवाळी अंकांतल्या आकृती संगणकावर गिरवून, त्यांवर सरकलेले रंग मुद्दाम चढवून, तू ती १९५०च्या सुमाराची शैली म्हणून गिऱ्हाइकांस देतोस. हे खरे काय?

अरे, ते रंग सरकत ते छापखान्याच्या नाइलाजाने, कारण प्रत्येक रंगाचा ठसा निराळा असे. रेषेच्या ठशासाठी चित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवून रेषेबाहेरचे जस्त आम्लात झिजवीत. तेथे करड्या छटेस थारा नसल्यामुळे, काढावयाची ती रेषा काळीभोर आणि निःसंदिग्ध काढणे चित्रकारास भागच असे. त्या काळच्या चित्रकारांकडेच पाहा. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' हा दिवाळी अंक सुरू केला आणि कथेच्या प्रकृतीप्रमाणे हात बदलीत तो सजविला. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत अभियंत्याची नोकरी सांभाळून चित्रे काढीत. परदेशी व्यंगचित्रकार स्टाइनबर्गचे मोल ते पुरते जाणत, तथापि त्यांच्या रेषेतला माणूस आपल्या चाळीतलाच राहिला, कारण तो त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला होता. तू हल्ली कोणाला पाहतोस? बदलापूर लोकलमध्ये उभ्याने डुलक्या घेणारी माणसे, येथल्या जलशुद्धीकरण केंद्रातून पाळी संपवून निघणारे कामगार, यांपैकी कोणी तुझ्या कागदावर उतरते काय? नकलेची मला इतकी धास्ती नाही, जितकी ती वही बंद पडल्याची आहे.

मलाही तुझ्या वयात जे. जे. कलाशाळेत जावयाचे होते. वडिलांच्या आजारपणामुळे ते राहिले, आणि अंबरनाथच्या कारखान्यात हजेरीपटाच्या पाठकोऱ्या कागदांवर चेहरे काढता काढता उमेदीची वर्षे सरली. तुला तेथे प्रवेश मिळाल्याचे कळले त्या रात्री मला झोप आली नव्हती, हे तुझ्या काकूखेरीज कोणास ठाऊक नाही.

रागाच्या भरात कठोर लिहिले गेले. मुंबईत खोलीचे भाडे भरावयाचे तर मागणीप्रमाणे माल द्यावा लागतो, हे का मला कळत नाही? भाड्याची अडचण असल्यास निःसंकोच कळव. निवृत्तिवेतनातून काही तजवीज करता येईल. रविवारी मात्र ये. वही आणलीस तर उत्तम, न आणलीस तर मी तो विषय काढणार नाही. पोटभर जेव, दुपारी स्वस्थ झोप, आणि संध्याकाळच्या गाडीने जा.

तुझा,
काका