पावसात घोड्याला काय घालू?

अगं, लँकशरला जाऊन तू चक्क घोडा लोनवर घेतलास याचं मला अजून नवल वाटतंय. पण ऑक्टोबर तोंडावर आलाय आणि तू रात्री रगांच्या, म्हणजे घोड्याच्या पांघरुणांच्या, साइट चाळत बसतेस म्हणालीस, म्हणून आजच बोलते. त्या साइटवर डोकं गरगरतं. तीनशे प्रकारचे रग, प्रत्येकाखाली कुठले ना कुठले आकडे, आणि फोटोतला घोडा मात्र नेहमी कोरडाठाक!

आधी एक सांग, त्याला रग हवाच आहे का? तुझा कॉब, म्हणजे दणकट बांध्याचा घोडा आहे, अंगावर भरघोस केस आहेत, तू त्याचे केस कापलेले नाहीत आणि शेताला एका बाजूनं दाट कुंपण आहे. अशा धडधाकट घोड्याला साधारण 5 अंश तापमानापर्यंत थंडीचं काही वाटत नाही. केस उभे राहतात, त्यांत हवा अडकते आणि तीच त्याला ऊब देते. पोटात गवत मुरत असतं, त्याचीही उष्णता असते. म्हणून थंडी वाढली की रगाच्या आधी गवताची पेंढी वाढव. घोटाळा होतो तो पाऊस आणि वारा एकदम आले की. केस चपटे होतात, अडकलेली हवा जाते आणि घोडा कुडकुडायला लागतो. आपल्याकडे माथेरानचे घोडे पावसात भिजतात, पण तिथला पाऊस असा हाडं गोठवत नाही. तुझ्याकडचा नोव्हेंबर गोठवतो.

घोड्यांनाही हे कळतं बरं का. नॉर्वेत 23 घोड्यांना पाट्यांवरच्या खुणा शिकवल्या होत्या: एक ‘रग घाला’, एक ‘काढा’ आणि एक ‘आहे तसंच राहू द्या’. 2016 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पाऊस-वारा-थंडी असली की घोडे रग मागत आणि हवा छान असली की काढून घ्या म्हणत. तेव्हा यार्डवरच्या बायका ‘अजून रग नाही घातलास?’ म्हणाल्या तरी तू घोड्याकडे बघ, त्यांच्याकडे नको. लोक काय म्हणतील हे आपण पुण्यात सोडून आलो ना?

मग घ्यायचाच तर लाइटवेट टर्नआउट, म्हणजे बाहेर चरताना घालायचा हलका रग. पण ‘लाइटवेट’ या शब्दावर जाऊ नकोस, ग्रॅम बघ. आत भरलेल्या अस्तराचं दर चौरस मीटरचं वजन असतं ते. लाइटवेटच्या नावाखाली 0, 50 आणि 100 ग्रॅम असे सगळेच रग विकतात. तू 0 घे. तो नुसता पाऊस-वारा अडवतो. पुढे जानेवारीत खरंच कडाका पडला तर आत वेगळं लायनर घालता येतं. पण भरलेला रग उन्हाच्या दिवशी पातळ करता येत नाही, आणि आत घाम धरतो. तेव्हा रग गळतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तो आतून ओला झालेला असतो. म्हणून वॉटरप्रूफच्या जोडीला ‘ब्रीदेबल’ हे लिहिलेलं हवंच. कॉबच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. हिवाळ्यात अशा घोड्यांनी थोडं उतरायचं असतं. सतत उबेत ठेवलास तर वजन उतरत नाही आणि वसंतात नवं गवत आलं की लॅमिनायटिस हा खुरांचा आजार गाठू शकतो.

डेनियरचा आकडा म्हणजे धाग्याचा जाडपणा. 600, 1200, 1680 असे असतात. आकडा मोठा असेल तर कापड फाटायला अवघड, एवढाच त्याचा अर्थ. पाणी अडवण्याशी त्याचा संबंध नाही. ते काम आतला लेप आणि शिवणीवरची पट्टी करतात. पाठीच्या मध्यावरून शिवण गेलेली नसेल तर उत्तम, कारण पाणी पहिलं तिथूनच झिरपतं. तुझा घोडा एकटा किंवा शांत म्हाताऱ्या घोडीबरोबर चरत असेल तर 600 पुरे. शेजारी चावरा, दंगेखोर गडी असेल किंवा काटेरी कुंपण असेल तर 1200 घे, आणि विणीत रिपस्टॉप असू दे, म्हणजे भोक पडलं तरी फाटत जात नाही.

आता फिटिंग. पैसे वाया जातात ते इथेच. टेप छातीच्या मध्यावर धर, खांद्याच्या टोकावरून आडवी नेत ढुंगणाच्या टोकापर्यंत आण. इंग्लंडमधली मापं फूट-इंचांत असतात आणि दर 3 इंचांनी वाढतात. युरोपातल्या साइटवर सेंटिमीटर दिसले तर थांब. ते माप पाठीवरचं असतं, त्यामुळे 6 फुटी रगाला तिथे साधारण 135 लिहिलेलं सापडेल. कंपनीचा तक्ता बघितल्याशिवाय हिशेब करू नकोस.

रग आला की कोरड्या, स्वच्छ घोड्याला घाल, म्हणजे बसला नाही तर परत करता येईल. छातीचे बकल लाव आणि पंजा सपाट ठेवून मानेकडून खांद्यावरून खाली सरकव. हात सहज गेला पाहिजे. मग जमिनीवर एक गाजर टाक. त्यानं मान खाली घातली की रग मानेच्या मुळाशी, त्या उंचवट्यावर ताणला जातो का ते बघ. ताणला गेला तर आठवड्याभरात तिथले केस झडतील. कॉबचे खांदे रुंद असतात. त्यामुळे लांबी बरोबर असूनही खांद्यावर आवळणारे रग पुष्कळ. खांद्याला घडी किंवा जादा तुकडा शिवलेला बघ. पोटाखालचे पट्टे पोटापासून हातभर लोंबू देऊ नकोस, चार बोटं आडवी मावतील इतकेच. मागच्या पायांचे पट्टे एकमेकांतून ओवून लाव, म्हणजे मांडीला घासत नाहीत.

पैशाचं म्हणशील, तर डंडॉकच्या हॉर्सवेअरचा रॅम्बो सगळ्यांच्या तोंडी असतो, पण त्याच कंपनीचा अमिगो बराच स्वस्त आहे आणि तुझ्या कामाला पुरतो. शायर्स आणि वेदरबीटाचेही साधे रग असतात. मार्च-एप्रिलात सेल लागतात तेव्हा गेल्या हंगामातले रंग स्वस्तात जातात. घोड्याला रंग कळत असला तरी तो हट्ट धरत नाही. गडद निळा घे, चिखल कमी दिसतो. जुना घेणार असशील तर पाण्याचा पाइप लावून शिवणी तपासल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

आणि हो, रग घरच्या पावडरीनं धुऊ नकोस. लेप जातो. चिखल वाळू दे, कडक ब्रशनं झाड, आणि वर्षातून एकदा रग धुणाऱ्यांकडे दे किंवा निकवॅक्सनं धुऊन पुन्हा वॉटरप्रूफ करून घे. रोज मात्र रग काढून घोडा गारठलाय का ते तपासायचंच. कान गार लागले म्हणून घोडा गारठला असं नसतं. हात खांद्यामागे लावून बघायचा.

उद्या माप घे आणि फूट-इंचांत मला पाठव. घोडा कुणाबरोबर चरतो तेही लिही. तोवर कार्टमध्ये काही टाकू नकोस.